प्रयोगाचें साहित्य मुलींच्या हातीं

पुष्कळ सुशिक्षित घरांत मुलीला विज्ञानाचीं पुस्तकें हौसेनें आणून दिलीं जातात. परंतु नळ गळूं लागला कीं पान्हा भावाच्या हातीं जातो, आणि बहिणीनें बॅटरी धरून उभें राहावयाचें. शाळेंतहि बहुधा हेंच घडतें. उपकरणें मुलगे हाताळतात. अक्षर चांगलें म्हणून नोंदी लिहिण्याचें काम मुलीकडे येतें. पुढें याच मुलीला यंत्रांची गोडी नाहीं, असा निर्णय दिला जातो. वस्तुतः गोडी लागण्यापूर्वीं वस्तु हातीं यावी लागते.

प्रयोगशाळेचें दार बंद असणें म्हणजे काय, याचा अनुभव कमला भागवत यांनीं घेतला. मुंबई विश्वविद्यालयाची पदवी घेऊन १९३३ सालीं त्यांनीं बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत प्रवेश मागितला. संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन् यांनीं केवळ स्त्री म्हणून त्यांना नाकारलें. त्यांनीं आग्रह सोडला नाहीं, तेव्हां प्रवेश मिळाला; पण तो अटी घालून. वर्षभराच्या कामानें त्यांनीं आपली योग्यता सिद्ध केली, आणि १९३९ सालीं केंब्रिजची पीएच.डी. मिळविली. विवाहानंतर कमला सोहोनी या नांवानें त्या विख्यात झाल्या. परंतु अशा दारावरून मुकाट्यानें परतलेल्यांची गणती कोणी केली?

दार उघडण्याचा सोपा मार्ग म्हणजे कार्यशाळा. पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापिला. तेथील अभ्यासक्रमांत अभियांत्रिकी, ऊर्जा, शेती आणि गृह व आरोग्य हे विभाग मुलगे व मुली या दोघांनाहि करावे लागतात. लोखंड जोडणें मुलींना चुकत नाहीं, आणि खाद्यपदार्थ करणें मुलग्यांना चुकत नाहीं. २०१६ सालानंतर सरकारी योजनेंतून अटल टिंकरिंग प्रयोगशाळाहि देशांतील हजारों शाळांत आल्या.

मात्र साहित्य आलें म्हणजे काम झालें असें नव्हे. तें प्रत्येक मुलीच्या हातीं पडलें पाहिजे. त्यास मोठा खर्चहि नको. एका लिंबांत तांब्याची पट्टी आणि जस्ताचा मुलामा असलेला खिळा, एकमेकांस न लागतील असे खोंचावे. सुमारें पाऊण ते एक व्होल्ट दाब मिळतो. लहान तांबड्या एलईडी दिव्यास जवळजवळ दोन व्होल्ट लागतात. म्हणून तीन-चार लिंबें तारेनें एकापुढें एक जोडावीं. ही शक्ति लिंबाची नव्हे. जस्त आम्लांत विरघळतांना ती उत्पन्न होते. यास्तव तीं लिंबें नंतर खाऊं नयेत.

दिवा पहिल्याच वेळीं लागेल असें नाहीं. मग मुलगी दिव्याच्या तारा उलट करून पाहते, तांबें घासते, आणखी एक लिंबू जोडते. या वेळीं शिक्षकानें आपले हात मागें बांधून उभें राहावें. दोष स्वतः शोधून दिवा लावणारी मुलगी जें शिकते, तें दहा व्याख्यानांनीं साधत नाहीं. आणि पुढें यंत्र पाहून ती बिचकत नाहीं.

आरंभ घरींच करतां येईल. पुढच्या वेळीं नळ गळूं लागला कीं पान्हा मुलीच्या हातीं द्यावा, आणि बॅटरी भावानें धरावी.