चिखलानंतर अल्टर्नेटर कसा वांचवावा?

गेल्या पावसाळ्यांत एके रात्रीं आमच्या वसतिगृहांतील एक विद्यार्थी तापानें फणफणला, व त्यास तालुक्याच्या इस्पितळांत नेण्यासाठीं शाळेची जीप बाहेर काढावी लागली. निम्म्या वाटेवर दिवे मंदावूं लागले, आणि पुढें तर ते काजव्यांसारखे मिणमिणूं लागले. इंजिन जुन्या पद्धतीचें, डिझेलवर चालणारें असल्यामुळें बंद पडलें नाहीं, एवढेंच काय तें दैव. शेवटचा कोसभर रस्ता पुढें चाललेल्या एका ट्रॅक्टरच्या उजेडांत आम्हीं कंठिला. मुलगा बरा झाला. परंतु दोन दिवसांपूर्वीं हीच जीप गोदाकांठच्या काळ्या रानांत आंसापर्यंत रुतली होती, आणि 'उद्यां धुऊं' असें चालकास आम्हींच सांगितलें होतें, ही गोष्ट मनास टोंचत राहिली.

मायकेल फॅरेडे ह्यांनीं १८३१ सालीं दाखविलें कीं, तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हालता ठेविला म्हणजे तारेंत वीज उत्पन्न होते. अल्टर्नेटर हें त्याच तत्त्वाचें यंत्र होय. त्याच्या मध्यें फिरणारा विद्युच्चुंबक असतो व भोंवतीं तारेचीं स्थिर वेटोळीं असतात. इंजिनाचा पट्टा ह्या चुंबकास इंजिनाच्या सुमारें दोन ते तीन पट वेगानें फिरवितो. निघणारी वीज उलटसुलट वाहणारी असल्यामुळें डायोड नांवाचे लहान तुकडे तिला एका दिशेस लावतात, आणि नियामक तिचा दाब चौदा व्होल्टच्या आसपास राखतो. आतां फिरत्या चुंबकास वीज पोंचवावी कशी? त्यासाठीं आंसावर तांब्याच्या दोन कड्या बसविलेल्या असून, त्यांवर कोळशाचे दोन ब्रश स्प्रिंगच्या जोरानें टेंकलेले असतात. सर्व नाजूकपणा येथेंच आहे. शिवाय यंत्र तापूं नये म्हणून त्याच्या कवचास झरोके ठेवून आंत पंखा बसविलेला असतो. ज्या वाटेनें वारा आंत जातो, त्याच वाटेनें चिखलही जातो!

काळी माती भिजली म्हणजे फुगते व वाळली म्हणजे आंवळून दगडासारखी होते, हें शेतकऱ्याच्या मुलांस सांगावयास नको. मिस्त्रीनें आमचा अल्टर्नेटर उघडला, तेव्हां एक ब्रश आपल्या घरट्यांत मातीनें असा घट्ट बसला होता कीं, स्प्रिंगला तो पुढें ढकलतां येईना. ब्रश कडीस लागत नाहीं, म्हणून चुंबकास वीज नाहीं. चुंबक नाहीं, म्हणून बॅटरी भरत नाहीं. ओढ्याच्या वाळूनें वेगळें नुकसान होतें : ती कड्यांवर चरे पाडते आणि ब्रश झिजविते. झरोके बुजले तर डायोड उष्णतेनें जळतात.

ह्यास्तव चिखल ओला आहे तोंच हात घालावा. इंजिन बंद करून यंत्र निवूं द्यावें; तापलेल्या अल्टर्नेटरवर थंड पाणी ओतूं नये. नंतर बॅटरीची ऋण तार प्रथम सोडावी, कारण अल्टर्नेटरच्या जाड तारेंत इंजिन बंद असतांही वीज असते, व पान्हा चुकून पत्र्यास लागला तर मोठी ठिणगी उडते. पट्टा उतरवून, साध्या नळीच्या मंद धारेनें झरोक्यांतून स्वच्छ पाणी सोडावें व पुली हातानें फिरवीत राहावें. पाणी नितळ बाहेर येईपर्यंत हें चालवावें. मोटारी धुण्याचा जोराचा फवारा येथें मुळींच नको; तो बेअरिंगच्या झांकणांतून पाणी आंत घालतो. कित्येक चालक रॉकेल किंवा पेट्रोल वापरतात, तें आम्हांस पसंत नाहीं : आगीचें भय तर आहेच, शिवाय रॉकेलचा तेलकट थर ब्रशांवर राहतो. पाणी निथळल्यावर मंद हवेनें फुंकून दिवसभर उन्हांत वाळवावें, आणि मग विजेच्या सांध्यांसाठीं मिळणारें, उडून जाणारें द्रावण ब्रशांवर फवारावें.

माती वाळून गेली असेल तर यंत्र उघडण्यावांचून गति नाहीं. कवचाच्या दोन्ही भागांवर आडवी रेघ ओढून ठेवावी, म्हणजे तें पुनः जसेंच्या तसें जुळतें. ब्रश घरट्यांत सहज सरकले पाहिजेत. फार आंखूड झाले असतील तर नवेच घालावे. कड्या अगदीं बारीक काचकागदानें हलक्या हातानें उजळाव्या. बेअरिंग फिरवितांना खरखर वाटली तर तें धुवीत न बसतां बदलावें. आमचे मिस्त्री ह्या बाबतींत कोणाचेंही ऐकत नाहींत, व तें योग्यच आहे.

सर्व जोडून, पट्टा चढवून, ऋण तार शेवटीं लावावी. इंजिन चालूं असतां 'परीक्षा' म्हणून बॅटरीची तार काढण्याची जी खोड पुष्कळांस आहे, तिनें दाब एकदम उसळून चांगले डायोड फुटतात. बॅटरीवर व्होल्टमापक लावणें हीच खरी परीक्षा. इंजिन बंद असतां भरलेली बॅटरी सुमारें १२.६ दाखविते, इंजिन चालूं होतांच आंकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान चढला पाहिजे. आमच्या जीपला दोन ब्रश व मागलें बेअरिंग नवें लागलें, आणि आंकडा १४.१ वर स्थिर झाला. आतां पावसाळ्यांत जीप आवारांत शिरली कीं, किती का रात्र होईना, चालक आधीं नळी शोधतो.