दुसरी प्रत कुठे आहे?

पूर्वी घराघरांत कागदपत्रांची एक लोखंडी पेटी असायची. आज तिची जागा संगणकाने घेतली आहे. निकाहचे फोटो, मुलांच्या गुणपत्रिका, घराच्या कागदांच्या स्कॅन प्रती, मरहूम दादींचा रेकॉर्ड केलेला आवाज, सारे त्यातच. पण पेटी मोडली तरी आतले कागद राहतात. हार्ड डिस्क गेली की आतलेही बहुधा तिच्याबरोबर जाते.

हार्ड डिस्कमधल्या चकत्या मिनिटाला 5400 किंवा 7200 वेळा फिरतात. माहिती वाचणारे टोक त्यांच्यावर केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. एखादा धक्का किंवा वर्षांची झीज पुरेशी होते. कधी टकटक आवाज येतो, फाइल उघडायला वेळ लागतो. कधी काहीच इशारा मिळत नाही. नव्या एसएसडीत फिरणारा भाग नसतो, तरी तीही अचानक बंद पडू शकते. मग डेटा परत मिळवण्याचा खर्च मोठा आणि खात्री नाही.

अनेकजण ‘डी ड्राइव्ह’मध्ये प्रत ठेवून निर्धास्त होतात. बहुतेक घरगुती संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही गेले.

जाणकार 3-2-1 हा साधा नियम सांगतात: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. जुलै 2021 मध्ये चिपळूणच्या घरांत पुराचे पाणी शिरले. अशा वेळी एकाच कपाटातला संगणक आणि बाहेरची डिस्क, दोन्ही भिजतात. म्हणून एक प्रत दुसऱ्या गावी, फूफींकडे किंवा मामूंकडे ठेवावी, नाहीतर क्लाउडवर. गूगल खात्यात 15 जीबी जागा मोफत मिळते, कागदपत्रांना ती पुरते. मात्र फोल्डर सिंक केलेले असेल, तर संगणकावर पुसलेली फाइल क्लाउडवरूनही पुसली जाते, हे ध्यानात ठेवावे.

बाहेरची हार्ड डिस्क जोडून विंडोजमध्ये ‘फाइल हिस्टरी’ आणि मॅकमध्ये ‘टाइम मशीन’ सुरू करा. आठवड्याचा एक दिवस ठरवा. प्रत झाली की डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली तर संगणकात शिरलेला व्हायरस तिच्यातल्या फाइलीही खराब करू शकतो. विंडोज सुरूच झाले नाही तर उपयोगी पडावा म्हणून 16 जीबी किंवा मोठ्या पेनड्राइव्हवर ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ही आधीच करून ठेवा. तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही.

सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे पडताळणी. दोन-तीन महिन्यांनी बॅकअपमधले चार फोटो आणि एखादे कागदपत्र दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. उघडले तरच तो बॅकअप समजा. डिस्क कुठे आहे आणि पासवर्ड काय, हे घरातल्या आणखी एका विश्वासू माणसाला माहीत असू द्या. हे काम बहुधा थोरल्या मुलाच्या हाती असते. तो नोकरीसाठी परगावी गेला, तरी ते अडायला नको.