एसी गार करत नाही? गॅस भरण्याआधी एक प्रयोग

दादर टीटीच्या सिग्नलला गाडी थांबली की एसीतून कोमट हवा येते. लालबागच्या उड्डाणपुलावर वेग घेतला की पुन्हा गार. लगेच सल्ला मिळतो, "गॅस कमी झालाय, भरून घ्या." हे निदान नाही, गृहीतक आहे. आधी तपासूया.

एसी केबिनमधली उष्णता उचलून पुढच्या कंडेन्सरमधून बाहेर टाकतो. पुलावर कंडेन्सरला वारा मिळतो, सिग्नलला फक्त पंखा. म्हणून पहिला संशय पंख्यावर किंवा धुळीने भरलेल्या कंडेन्सरवर. गाडी उभी, एसी चालू. हात लांब ठेवून पंखा फिरतोय का ते बघा. मग कंडेन्सरवर पाणी मारा. हवा गार झाली, तर उष्णता बाहेर पडण्यातच अडचण आहे.

"पण गेज लावून बघितलं ना!" इंजिन बंद असताना आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल, तरी प्रेशर फक्त तापमानावर ठरतं. आर-१३४ए गॅसचं ३० अंश सेल्सिअसला साधारण ९७ पीएसआय, मग गॅस पूर्ण असो की अर्धा. आकडा खरा, पण तो आपल्या प्रश्नाचं उत्तरच नाही. प्रमाण कळायला गॅस काढून वजन करावं लागतं.

आणि गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. कमी झाला असेल, तर गळतोय. आधी गळती शोधा.

आपल्या संशोधनातही कुठलंही रीडिंग घेताना विचारा: माझं गृहीतक चुकीचं असतं, तर हा आकडा बदलला असता का?