राजा गादीवर, कारभार लोकांचा

राजा गादीवर आणि सत्ता लोकप्रतिनिधींकडे, ही व्यवस्था आपल्याला इंग्लंडची वाटते. ती आपल्या जवळही होऊन गेली आहे.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी जानेवारी १९३९ मध्ये आपण होऊन स्वतःचा अधिकार घटनेने बांधून घेतला. तिच्या रचनेत गांधीजींचा सल्ला होता. संस्थान लहान, पण मुलूख विखुरलेला: साताऱ्याकडे औंध, माणदेशात आटपाडी, तर विजापूरकडे कन्नड बोलणारे गुणदाळ. सगळ्यांचा कारभार एका ठिकाणाहून नीट चालणे अवघड. म्हणून गावाने पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुक्याची सभा आणि तिच्यातून संस्थानचे विधिमंडळ, अशी चढती रचना केली.

त्या वेळी बीदर-गुलबर्ग्यात निजामाचे फर्मान हाच कायदा होता. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर ते संपले. २६ जानेवारी १९५० पासून निजाम राजप्रमुख झाले. १९५२ च्या निवडणुकीनंतर बुर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले. सही राजप्रमुखाची, निर्णय मंत्रिमंडळाचा! १९५६ साली आपले जिल्हे म्हैसूर राज्यात गेले, तेही संसदेच्या कायद्याने. निजामाच्या इच्छेने नव्हे.

दोन्हीकडे राजा नामधारी झाला. फरक एवढाच, की १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन होण्याआधी औंधच्या रयतेने नऊ वर्षे कारभार हाताळून पाहिला होता. आपल्याकडे सर्वांना मत मिळाले ते एकदम १९५२ साली. मत एका दिवसात मिळते. कारभाराची सवय गावच्या पंचायतीतच लागते.