सोडणातला काथ्या, भिंतीतला गिलावा

मालवणात असोला नारळ सोलला की सोडणं न्हाणीच्या चुलीत जातात, नाहीतर माडाच्या आळ्यात. तेच सोडण पाण्यात मुरवून ठेचलं, तर भुसा गळतो आणि वीतभर लांबीचे तांबूस, चिवट धागे हाती उरतात. सुंभ वळणाऱ्यांना या काथ्याचा चिवटपणा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. गवंड्याच्या घमेल्यातही त्याला जागा मिळायला हवी.

युक्ती नवी नाही. भिंतीच्या चिखलात भाताचा पेंढा तुडवणं ही कोकणातली जुनी रीत. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेचे तंतू आहेत, हे पुरातत्त्व खात्यात रसायनतज्ज्ञ राहिलेले राजदेव सिंह आणि वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी 2016 साली ‘करंट सायन्स’मध्ये मांडलं. हजाराहून अधिक वर्षं तो गिलावा टिकून आहे!

गिलावा वाळताना आकसतो आणि त्याला केसासारखे तडे जातात. कोकणातला पाऊस नेमका तिथूनच आत शिरतो. मालात दोन-तीन सेंटिमीटरचे तंतू विखुरलेले असले, तर ते तड्याच्या दोन्ही कडा धरून ठेवतात. ज्यूट दोनेक टक्के ताणला की तुटतो. काथ्या पंधरा टक्क्यांहूनही जास्त ताण खातो. मात्र दाब सोसण्याची ताकद त्याने वाढेल, ही आशा धरू नये. काथ्या जास्त झाला तर गुठळ्या होतात आणि माल पोकळ राहतो.

खरी अडचण सिमेंटमधल्या चुन्याची. ब्राझीलच्या तोलेदो फिल्यो आणि सहकाऱ्यांनी 2000 साली दाखवलं, की कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात 300 दिवस ठेवलेले नारळाचे आणि सिसलचे तंतू पार ठिसूळ होतात. चुन्याचे कण तंतूंच्या पोकळीत शिरून घट्ट बसतात.

उतारा भाताच्या गिरणीमागे पडलेला असतो. बेताच्या आचेवर जाळलेल्या तुसाच्या राखेत सुमारे 90 टक्के सिलिका असते. ती मोकळ्या चुन्याशी संयोग पावते, चुना कमी होतो आणि काथ्याचं आयुष्य वाढतं. कशाही पेटवलेल्या ढिगाची काळी राख मात्र चालत नाही; आच फार चढली की सिलिकेचे स्फटिक होतात आणि ती निष्क्रिय बनते.

सुरुवात गिलाव्यापासून करावी, स्लॅब-बीमच्या वाटेला जाऊ नये. खाडीच्या पाण्यात मुरवलेला काथ्या आधी गोड्या पाण्यात खळखळून धुवावा, कारण त्यातलं मीठ जवळच्या सळईला गंज चढवतं.