बाईकवर कॅमेरा न्यायचा तर ठेवायचा कुठं? डिकीत, टाकीवर की पाठीवर?

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे आपल्या नगरमध्ये, कॅमेरा घेऊन बाईकवर निघणारी माणसं साधारण दोन प्रकारची. एक जण मे संपता संपता काजवे टिपायला भंडारदऱ्याला निघतो, नाहीतर काळवीट बघायला कर्जतजवळच्या रेहेकुरी अभयारण्यात. दुसरा पाथर्डी-शेवगावकडच्या एखाद्या गावात लग्नाची ऑर्डर घेऊन चाललेला असतो. पहिल्याचा छंद असतो. दुसऱ्याच्या कॅमेऱ्याचे हप्ते चालू असतात आणि हळदीच्या दिवशी तो बंद पडला तर दुसरा कुठून आणणार? खड्डे मात्र दोघांच्याही वाट्याला तेच.

आपल्याला भीती वाटते ती गाडीवरून पडण्याची. पण एकदाही न पडता कॅमेरा बिघडू शकतो, आणि त्यामागे असते गाडीची थरथर.

थोडा हिशोब करू. १००-१२५ सीसीच्या साध्या गाडीचं इंजिन ताशी ५०-६० किलोमीटरला मिनिटाला साधारण ५ हजार फेरे मारतं. म्हणजे तासाला ३ लाख. नगरहून संगमनेर-अकोले करत भंडारदऱ्याला जायला ४ तास धरले तर १२ लाख. या गाड्यांना सिलिंडर एकच, त्यामुळे पिस्टन वरखाली होताना बसणारा हिसका पूर्ण तोलला जात नाही. तो चासीतून हँडल, टाकी आणि कॅरिअरपर्यंत पोचतो. तुमचा तळहात मुंग्या येऊन बधिर होतो ना, तो यामुळेच.

यानं कॅमेऱ्याचं होतं काय? लेन्समध्ये बारीक स्क्रू असतात, ते सैल पडतात. हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून आत एक काच किंवा सेन्सर तरंगता ठेवलेला असतो. हा भाग मुळात हलण्यासाठीच बनवलेला, पण इतका वेळ, इतक्या वेगानं नव्हे. सप्टेंबर २०२१ मध्ये अॅपल कंपनीनं स्वतःच सांगितलं की मोठ्या ताकदीच्या मोटरसायकलच्या हँडलला आयफोन लावू नका, थरथरीनं त्याचा कॅमेरा कायमचा खराब होऊ शकतो. मोपेड-स्कूटरवर थरथर कमी असते, तरी तिथंही धक्के शोषणारा माउंट वापरा आणि रोज बराच वेळ लावून ठेवू नका, असा त्यांचा सल्ला होता. मॅप बघायला फोन हँडलवर लावणाऱ्यांनी, फोन कोणत्याही कंपनीचा असो, हे लक्षात ठेवलेलं बरं.

मग कॅमेरा ठेवायचा कुठं? मागच्या कॅरिअरवर किंवा टॉपबॉक्समध्ये नको. तो भाग मागच्या चाकाच्याही मागं येतो, त्यामुळे स्पीडब्रेकरवर सगळ्यात जोरात तोच उडतो. टाकीवरची बॅग त्यापेक्षा बरी, पण खाली इंजिन आहेच. स्कूटरची डिकी दिसायला सुरक्षित, पण बहुतेक गाड्यांत तिच्या खालीच इंजिन असतं. नगरच्या मे महिन्यातल्या उन्हात तिथं हात घालून बघा. बॅटऱ्यांना ती उष्णता अजिबात मानवत नाही.

उरली आपली पाठ. सीटचा फोम, आपलं बूड आणि कंबर मिळून जेवढे धक्के खातात, तेवढे कुठलाच बॉक्स खात नाही. म्हणून कॅमेरा पाठीवरच्या बॅगेत. मागं कोणी बसणार असेल तर बॅग दोघांच्या मध्ये. पट्टे इतके लांब ठेवा की बॅगेचा तळ सीटला हलकेच टेकेल, म्हणजे दोन तासांनी खांदे बोलायला लागत नाहीत. छातीवरचा पट्टाही लावा. मोकळी लोंबणारी टोकं गुंडाळून ठेवा, ती चाकात किंवा चेनमध्ये गेली तर कॅमेऱ्याचा विचार करायलाही वेळ मिळणार नाही.

पण पाठीवर घेतलं की एक जोखीम वाढते, आणि ती कॅमेऱ्याची नाही, तुमची आहे. हिवाळ्यात ऊस तोडणी चालू असते. लग्न उरकून रात्री परतताना रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली अचानक समोर येते. अशा वेळी पाठीवर पडलात तर बॅगेतली कडक वस्तू मणक्यात घुसते. म्हणून पाठीला लागून जॅकेट किंवा टॉवेलची घडी, मग लेन्स, आणि जड वस्तू तळाला. ट्रायपॉड पाठीवर आडवा बांधू नका. तो शेजारून जाणाऱ्या गाडीला अडकतो. उभा बांधून हेल्मेटच्या वर काढला तर फांदीला अडकतो. तो सीटवर, गाडीच्या लांबीत, दोन ठिकाणी बांधावा. त्याला थरथरीचं फारसं काही होत नाही. आणि पुढच्या वळणावर पुन्हा फोटो काढायचाय म्हणून कॅमेरा गळ्यात तसाच लटकवून गाडी चालवणं तर नकोच. पडल्यावर तो छाती आणि हँडलच्या मध्ये येतो.

निघताना लेन्स बॉडीपासून वेगळी करा, दोन्हीकडची टोपणं लावा. जोडलेलीच ठेवली तर लांब लेन्सचं सगळं वजन जोडाच्या कड्यावर हिसके देत राहतं. काही कॅमेरे बंद करून हलवले की आत खडखड वाजते. तो तरंगता सेन्सर असतो, बिघाड नव्हे. पण म्हणूनच अशा कॅमेऱ्याला चारी बाजूंनी फोम हवा.

अकोल्याच्या बाजूला पावसाळ्यात गोष्ट वेगळी. बॅगेचं रेनकव्हर बाहेरून झाकतं, पाठीकडची बाजू उघडीच राहते. रेनकोटवरून ओघळलेलं पाणी तिथून आत शिरतं आणि कव्हरच्या तळाशी साचतं. त्यामुळे कॅमेरा आत आणखी एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. खताच्या गोणीतली पिशवी घेऊ नका, कितीही धुतली तरी खताचा अंश राहतो. ओला रेनकोट त्याच बॅगेत कोंबू नका. एसी खोलीतून थेट दमट हवेत कॅमेरा काढला तर काचेवर वाफ धरते. पिशवी बंद ठेवूनच त्याला अर्धा तास बाहेर राहू द्या. काजव्यांच्या रात्री हीच चूक सर्रास होते. घरी आल्यावर बॅग रिकामी करून वाळवा, नाहीतर लेन्सला बुरशी लागते.

पोचल्यावर पहिला फोटो काढायच्या आधी फिल्टर, ट्रायपॉडची प्लेट आणि लेन्सच्या कड्यावरचे स्क्रू बोटानं चाचपून बघा. काही सैल लागलं तर हातानं बसेल तेवढंच घट्ट करा. स्क्रूला साधा पाना लावू नका, त्याची खाच जाते.