एक गाडी, तीन चालक

मोटारींच्या शर्यतीवर मी बोलावं, याचं तुम्हाला नवल वाटेल. मी कविता लिहिणारा माणूस. बी. ए. केलं, तेही मराठी घेऊन. स्कूटरखेरीज मला काही चालवता येत नाही. पण माझे अब्बा ट्रक चालवायचे. सांगलीहून हळद आणि गूळ भरून मुंबईला न्यायचे. त्यामुळे क्लच, ब्रेक, गिअर, घाट हे शब्द माझ्या कानावर बाराखडीच्या आधी पडले.

जून २०२३ मधली गोष्ट. रविवारची संध्याकाळ होती. माझा भाचा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. तो ज्या कारखान्यात शिकाऊ म्हणून जात होता, तिथून त्याला महिनाभरापूर्वीच घरी पाठवलं होतं. कामात खोट नव्हती, पण त्याच्या जागेवर दुसरा मुलगा घेतला होता. तेव्हापासून तो घरात फारसा बोलत नव्हता. त्या संध्याकाळी मात्र त्यानं मला हाक मारली. म्हणाला, "मामू, हे बघा. ह्या माणसाला फॉर्म्युला वनमधून काढलं होतं."

पडद्यावर एक लाल गाडी पळत होती. तिच्यावर आकडा होता ५१. ती ज्या तिघांची होती, त्यांतल्या एकाचं नाव अंतोनिओ जोविनात्सी. भाच्यानं त्याची हकिगत मला सांगितली. पुढे मी ती स्वतःही वाचत गेलो. आज ती तुम्हाला सांगतो.

इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो. त्या बुटाच्या टाचेकडचा प्रांत म्हणजे पुलिया. तिथल्या मार्तिना फ्रांका या गावी १४ डिसेंबर १९९३ रोजी जोविनात्सीचा जन्म झाला. इटलीतले मोटारींचे मोठे कारखाने आणि नामांकित शर्यतमार्ग बहुतेक उत्तरेकडे आहेत. हा मुलगा थेट दक्षिणेचा. शर्यतीच्या दुनियेत शिरायला त्याच्यासाठी दार एकच होतं, ते म्हणजे कार्टिंग.

कार्ट आपल्याकडे हल्ली मॉलशेजारी भाड्यानं फिरवायला मिळते, तेवढीच आपली ओळख. पण शर्यतीची कार्ट ही फार कडक मास्तरीण आहे. तिला स्प्रिंग नसतात, धक्के शोषणारी कुठलीच सोय नसते. चालक जमिनीपासून काही सेंटिमीटरवर बसलेला असतो. रस्त्याचा प्रत्येक खडा त्याच्या मणक्याला कळतो. मागची दोन्ही चाकं एकाच सलग दांड्यावर पक्की बसवलेली असतात, म्हणजे दोन्ही एकाच वेगानं फिरणार. वळणावर मात्र बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं आणि आतल्याला कमी. मग गाडी वळायची कशी? चालकानं स्टिअरिंग अशा बेतानं फिरवायचं, की मागचं आतलं चाक क्षणभर जमिनीवरून उचललं जाईल. आठ-दहा वर्षांची पोरं हे अंगानं शिकतात. गाडीचं वजन कुठून कुठे सरकतं हे त्यांना पुस्तकातून कळत नाही, ते कंबरेला कळतं. फॉर्म्युला वनमधले आजचे जवळजवळ सगळे चालक या शाळेतून आलेले आहेत. जोविनात्सीही तिथूनच आला आणि इटलीत, युरोपात त्यानं कार्टिंगमध्ये नाव मिळवलं.

इथपर्यंत कौशल्याची गोष्ट होती. पुढे पैशाची सुरू होते. कार्टनंतर येतात एका माणसाच्या उघड्या चाकांच्या गाड्या, आणि त्यांचा एका हंगामाचा खर्च सामान्य घराला झेपण्यातला नसतो. जोविनात्सीला हात दिला तो इंडोनेशियातल्या गेलाएल कुटुंबानं. त्यांचा मुलगा शॉन हाही शर्यतीत उतरत होता. म्हणून इटलीच्या टाचेवरचा हा मुलगा २०१२ मध्ये चीनमधल्या फॉर्म्युला पायलोटा मालिकेत धावला आणि तिथला विजेता ठरला.

मग एकेक पायरी. २०१३ मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये दुसरा. युरोपीय फॉर्म्युला थ्रीमध्ये पहिल्या वर्षी सतरावा, दुसऱ्या वर्षी सहावा, तिसऱ्या वर्षी, म्हणजे २०१५ मध्ये, स्वीडनच्या फेलिक्स रोसेनक्विस्टच्या मागे दुसरा. २०१६ मध्ये तो फॉर्म्युला वनच्या उंबऱ्यावरच्या जीपी टू मालिकेत पोचला. संघ होता इटलीचा प्रेमा. पहिल्याच वर्षी त्यानं पाच शर्यती जिंकल्या. बाकूला एकाच मुक्कामात दोन्ही शर्यती जिंकल्या. मोंझाला पात्रता फेरीतून बाद ठरल्यामुळे त्याला पार मागून सुरुवात करावी लागली, ती शर्यतही त्यानं जिंकली. तरी हंगामाच्या शेवटी त्याचेच संघसोबती पिएर गास्ली २१९ गुणांवर होते आणि हा २११ वर. म्हणजे पुन्हा दुसरा. आपल्या मुंबईच्या जहान दारूवालानंही कार्टिंगपासूनच सुरुवात केली आणि २०२२ मध्ये याच प्रेमा संघाकडून फॉर्म्युला टू चालवली. जीपी टूचंच ते पुढचं नाव. म्हणजे ही शिडी किती अरुंद आहे, हे आपल्या मातीतल्या मुलानंही पाहिलेलं आहे.

२०१७ मध्ये फेरारीनं जोविनात्सीला राखीव चालक म्हणून घेतलं. त्या वर्षीच्या पहिल्याच शर्यतीत, ऑस्ट्रेलियात, सॉबर संघाचा पास्काल वेर्लाइन पूर्ण तंदुरुस्त नसल्यानं शनिवारी बाजूला झाला आणि त्याच्या गाडीत ऐनवेळी जोविनात्सीला बसवलं. २०११ नंतर फॉर्म्युला वनमध्ये धावणारा तो पहिला इटालियन. बारावा आला, सगळ्यांनी पाठ थोपटली. पुढची शर्यत शांघायला. तिथे पात्रता फेरीत त्यानं गाडी भिंतीवर घातली आणि दुसऱ्या दिवशी मुख्य शर्यतीत पुन्हा घातली. एका पंधरवड्यात कौतुक आणि बोलणी दोन्ही त्याच्या पदरात पडली. त्यानंतर पक्की जागा मिळायला २०१९ उजाडलं.

फॉर्म्युला वनमध्ये एका संघाच्या दोन गाड्या असतात. दुसऱ्या संघाची गाडी तुमच्यापेक्षा चांगली किंवा वाईट असू शकते, पण तुमच्या सोबत्याची गाडी तुमच्यासारखीच असते. त्यामुळे तुमचं माप त्याच्याशीच घेतलं जातं. अल्फा रोमिओ संघात जोविनात्सीचा सोबती होता किमी रायकोनन, २००७ चा जगज्जेता. २०१९ मध्ये रायकोननचे गुण ४३, जोविनात्सीचे १४. २०२० मध्ये दोघांचेही चार-चार. २०२१ मध्ये दहा आणि तीन. ब्राझीलला २०१९ मध्ये तो पाचवा आला, तीच त्याची सर्वांत मोठी कमाई. २०२१ संपताना संघानं त्याची जागा चीनच्या झोउ ग्वानयूला दिली. झोउकडे गुणवत्ता होती, तशी त्याच्यामागे येणाऱ्या पुरस्कर्त्यांची ताकदही होती. ६२ शर्यती, २१ गुण, आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी जोविनात्सीचं फॉर्म्युला वन संपलं. पुढचं वर्ष त्यानं विजेवर चालणाऱ्या फॉर्म्युला ई गाड्यांत काढलं. तिथे एकही गुण मिळाला नाही.

भाच्यानं इथे गोष्ट थांबवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. त्याला उत्तर नको होतं, हे मला दिसत होतं.

आता त्या लाल गाडीकडे येऊ. फ्रान्समधल्या ल मां या गावी १९२३ पासून चोवीस तासांची शर्यत होते. मार्ग साडेतेरा किलोमीटरहून थोडा जास्त. त्यातला बराचसा एरवी रहदारीचा रस्ता असतो, शर्यतीपुरता बंद करतात. शनिवारी दुपारी चारला निघायचं आणि रविवारी दुपारी चारला थांबायचं. तेवढ्या वेळात जी गाडी जास्तीत जास्त अंतर कापील ती जिंकली. एका गाडीला चालक तीन. कोणीही सहा तासांच्या कुठल्याही टप्प्यात चार तासांहून जास्त चालवायचं नाही आणि एकूण चौदा तासांच्या वर जायचं नाही, असा नियम आहे. आपला करुण चंढोक २०१२ मध्ये इथे धावणारा पहिला भारतीय ठरला आणि त्याची गाडी एकूण सहावी आली.

या शर्यतीत गाडी एकट्याची नसते, आणि सगळा फरक तिथे पडतो. तिघांची उंची सारखी नसते, पाय सारखे लांब नसतात. पण आसन एकच, पेडल तीच. कुणाला गाडीचं नाक वळणावर चटकन वळलेलं आवडतं, कुणाला मागची बाजू घट्ट हवी असते. तिघांनाही थोडं थोडं सोडावं लागतं. एकट्याच्या शर्यतीत घडलेला चालक लहानपणापासून सोबत्याला हरवायला शिकलेला असतो. इथे सोबत्याला आपल्याला कळलेलं सगळं सांगावं लागतं. टायर कधी निसरडे होतात, कुठल्या वळणावर खडी पसरली आहे, ब्रेक किती खाली गेला आहे, हे लपवलं तर आपलीच गाडी मागे पडते. इंधन भरायला गाडी थांबली की उतरणारा चढणाऱ्याचे पट्टे आवळायला मदत करतो. रात्री त्याच रस्त्यावर हळू वर्गातल्या गाड्या असतात, त्यांना ओलांडायचं, पण घासायचं नाही. सर्वांत वेगवान फेरीपेक्षा रेघ न उमटलेली गाडी पुढच्याच्या हाती देणं अधिक मोलाचं.

ऐकता ऐकता मला अब्बांचा ट्रक आठवला. त्यांच्याबरोबर दुसरे एक ड्रायव्हर असायचे, आम्ही मुलं त्यांना तात्या म्हणायचो. तात्या ठेंगणे. चाकावर बसताना पाठीमागे उशी घ्यायचे. अब्बा बसले की ती उशी बाजूला. रात्री घाटाआधी गाडी थांबवून दोघं चहा प्यायचे आणि चहा होईतो एक दुसऱ्याला सांगायचा, डावीकडे जरा ओढतीय, ब्रेक दोनदा दाबून धर. मगच चावी हातात द्यायचे. बाकी गप्पा मागाहून.

फेरारीनं ल मांच्या वरच्या वर्गातून १९७३ नंतर अंग काढून घेतलं होतं. २०२३ मध्ये ती परत आली. गाडीचं नाव ४९९पी. तीन लिटरच्या सहा सिलिंडरांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला सुमारे ४९९ घनसेंटिमीटर येतात, म्हणून ४९९. मागच्या चाकांना इंजिन, पुढच्यांना जोड म्हणून विजेची मोटर. ५१ क्रमांकाच्या गाडीत फेरारीनं तिघं बसवले. इटलीचा आलेस्सांद्रो पिअर ग्विदी आणि इंग्लंडचा जेम्स कलाडो हे दोघे अशा सहनशक्तीच्या शर्यतींत मुरलेले, जगज्जेतेपदं मिळवलेले. तिसरा जोविनात्सी. तोही या वाटेला अगदी नवा नव्हता. पूर्वी शॉन गेलाएलबरोबर आशियातल्या अशाच शर्यतीत त्यानं गाडी वाटून घेतली होती आणि २०१८ मध्ये फेरारीच्याच खालच्या वर्गातल्या गाडीतून तो ल मांला धावला होता. वाईट दिवसांत केलेली कामं पुढे उपयोगी पडतात ती अशी.

त्या वर्षी ल मांच्या शर्यतीला शंभर वर्षं झाली होती. ६२ गाड्या होत्या. आधीची सलग पाच वर्षं टोयोटा जिंकत आली होती. रात्रीतून पाऊस आला, गाड्या घसरल्या. ५१ क्रमांकाची गाडीही एकदा खडीत रुतली आणि ओढून काढावी लागली. रविवारी दुपारी शेवटचे दोन तास उरले असताना तिचा पाठलाग करणाऱ्या टोयोटातल्या र्‍यो हिराकावाचा ब्रेक मारताना ताबा सुटला आणि गाडी आदळली. आता जिंकलो, असं फेरारीला वाटावं, तोच शेवटच्या थांब्यावर ५१ नंबर सुरूच होईना. चाकावर पिअर ग्विदी होता. सगळी यंत्रणा बंद करून पुन्हा चालू करावी लागली. जोविनात्सी आणि कलाडो त्या वेळी कडेला उभे होते. त्यांच्या हातात करण्यासारखं काहीच नव्हतं. शेवटी गाडी धडधडली. ३४२ फेऱ्या झाल्या, म्हणजे चोवीस तासांत सुमारे ४६६० किलोमीटर. दुसऱ्या आलेल्या टोयोटाशी अंतर किती? एक मिनिट बावीस सेकंदांहूनही किंचित कमी. १९६५ नंतर, अठ्ठावन्न वर्षांनी, फेरारी ल मां जिंकली होती.

ती काही एका दिवसाची लॉटरी नव्हती. २०२४ आणि २०२५ मध्येही ल मां फेरारीच्याच गाड्यांनी जिंकली, दोन्ही वेळा चालक दुसरे होते. पण २०२५ मध्ये जोविनात्सी, पिअर ग्विदी आणि कलाडो यांनी इमोला आणि स्पा इथल्या शर्यती जिंकल्या, आणि नोव्हेंबरात बहारीनला त्या हंगामाचं जगज्जेतेपद मिळवलं. फेरारीलाही निर्मात्यांचा किताब मिळाला. फॉर्म्युला वननं ज्याला जागा नाकारली, तो माणूस आज जगज्जेता म्हणवतो. मात्र हे पद तिघांच्या नावावर आहे. त्यातलं याचं किती आणि त्याचं किती, हे वेगळं काढता येत नाही.

यावरून भाच्याला मी काही उपदेश केला नाही. जागा जाणं हा अन्याय असतो तेव्हा तो अन्यायच असतो. जोविनात्सीला पुढे दुसरी गाडी मिळाली, म्हणून आधीची जाणं बरोबर ठरत नाही. आणि दुसरी गाडी प्रत्येकाला मिळतेच असंही नाही. मला जाणवलं ते एवढंच, की बारा-पंधरा वर्षं एकट्यानं धावलेल्या माणसाला ती मिळाली तेव्हा तो वाटून घ्यायला तयार होता. कविता लिहिणाऱ्याला हे अवघड जातं, हे मी स्वतःवरून सांगतो.

भाचा आता आणखी दोघांबरोबर मिरजेत एक लहानसं गॅरेज चालवतो. दुचाकी दुरुस्त करतात. परवा गेलो तेव्हा तो दिवसभराचं काम आवरून निघत होता. रात्री थांबणाऱ्या मुलाला सांगत होता, "ह्या गाडीचा मागचा ब्रेक अजून सैल आहे, तेवढं बघ." मग त्यानं चावी त्याच्या हातात दिली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)